पायाचा पेच आणि त्याची तोड

कुस्तीच्या हौद्यात पाय धरणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. पट काढणे हा तर तालमीतल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असलेला डाव. समोरच्याच्या मांडीला मिठी घालायची, त्याला उचलायचे किंवा मागे रेटायचे आणि खाली आणायचे. पण पाय धरण्याचा हेतू तेथे एकच असतो : गड्याची पाठ मातीला लावणे. पाठ लागली की कुस्ती संपली. धरलेला पाय सुटतो, पहिलवान माती झटकून उठतो आणि पुढच्या मैदानाची तयारी करू लागतो.

आता अशी कल्पना करा, की पाठ मातीला लागली तरी कुस्ती संपत नाही. उलट खाली पडलेला गडीच वरच्याचा पाय आपल्या दोन्ही पायांत अडकवतो, त्याची टाच कोपराच्या बेचक्यात घेतो आणि पिळतो. दोन क्षणांचा अवधी. तेवढ्यात वरच्या गड्याने हार कबूल केली नाही, तर त्याचा गुडघा कामातून जातो. या पेचाला इंग्रजीत लेग लॉक म्हणतात, आणि आज जगभर ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ किंवा नुसते ‘एमएमए’ या नावाने जी झुंज खेळली जाते, तिच्यात तो नियमाला धरून आहे. ठोसा, लाथ, कुस्तीचे डाव, सांध्यांचे पेच, गळा आवळणे, या साऱ्यांना या एकाच खेळात मुभा असते.

लेग लॉकपासून बचाव कसा करावा, हे शिकवणारे उस्ताद आज पुष्कळ आहेत. मी उस्ताद नाही, इतिहासाचा अध्यापक आहे. म्हणून मी प्रश्न जरा निराळ्या बाजूने धरतो. हा पेच शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. मग त्याची तोड पद्धतशीरपणे शिकण्याची बुद्धी पुष्कळांना इतक्या उशिरा का झाली? प्रत्येक डावाला तोड असते असे आपण म्हणतो. येथे ती सापडायला इतकी वर्षे का लागली?

याचे उत्तर शोधण्याआधी गुडघ्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. तो मिटतो आणि उघडतो. पाय वाकलेला असताना तो किंचित पिळतोही, पण पाय ताठ केला की पिळायला जवळजवळ जागाच उरत नाही. आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन बंध, दोन्ही बाजूंना एकेक बंध आणि मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या, एवढ्या सामानावर हा सांधा उभा असतो.

पायाचे पेच मुख्यतः चार. पहिला घोट्याचा सरळ पेच. यात हाताच्या मनगटाजवळचे हाड टाचेच्या वरच्या शिरेवर दाबून पाऊल मागे ताणतात. तो दुखतो, आणि लगेच दुखतो. दुसरा नी-बार. यात सबंध पाय छातीशी कवटाळून गुडघा उलट्या बाजूला वाकवतात. तिसरा टो-होल्ड, म्हणजे पंजा धरून पाऊल मुरगळणे. आणि चौथा, सर्वांत भयंकर, तो हील हुक. यात धरलेली असते टाच, पण मोडतो गुडघा. पाऊल ही तरफ, नडगी हा दांडा आणि सगळा पीळ जाऊन बसतो तो गुडघ्यातल्या बंधांवर. यातली खरी मेख अशी, की या पेचात वेदना उशिरा येते. घोट्याच्या पेचात शरीर आधी ओरडून सांगते आणि मग इजा होते. हील हुकमध्ये कित्येकदा दुखू लागते तोवर बंध तुटलेला असतो. म्हणून सोसण्याची ताकद, जिचा आपल्या पहिलवानांना रास्त अभिमान असतो, ती येथे उपयोगी तर पडत नाहीच, उलट घात करते. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्याभोवती फिरतो.

आता जपानकडे वळू. १८८२ साली जिगोरो कानो यांनी टोकियोत कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो ही नवी विद्या उभी केली. कानो हे शिक्षणक्षेत्रातले गृहस्थ. शरीराबरोबर चारित्र्य घडवणारा खेळ त्यांना हवा होता. कोदोकानचे गडी उभ्याने फेकण्यात पटाईत. पण फुसेन-र्यू या जुन्या परंपरेतले मातायेमोन तानाबे नावाचे एक उस्ताद होते. त्यांनी कोदोकानच्या चांगल्या चांगल्या गड्यांना जमिनीवर ओढून हरवले. कोदोकानला जमिनीवरच्या विद्येकडे लक्ष द्यावे लागले ते पुढे अशा पराभवांतूनच.

पण पायाच्या पेचांचे काय झाले? ते हळूहळू स्पर्धेतून बाद होत गेले. १९१६ साली आशी-गारामी, म्हणजे पायात पाय गुंतवून गुडघा पिळण्याचा डाव, बंद झाला. १९२५ च्या नियमांनी कोपर सोडून बाकी सर्व सांध्यांचे पेच स्पर्धेत निषिद्ध ठरवले. हेतू चांगला होता. तरुण मुलांचे गुडघे वाचावेत, हा खेळ शाळाशाळांतून जावा, ही त्यामागची दृष्टी. आणि ज्यूदो खरोखरच शाळाशाळांतून गेला, ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. गंमत अशी, की आशी-गारामी हा डाव कोदोकानने आपल्या ठरीव प्रात्यक्षिकांत, म्हणजे काताच्या क्रमात, मात्र जपून ठेवला. दिवाणखान्यात टांगलेल्या पणजोबांच्या तलवारीसारखी त्याची स्थिती झाली : दाखवायची, पण चालवायची नाही. जो डाव कोणी घालत नाही, त्याची तोड कोण शिकणार? पेचाबरोबर बचावही तालमीतून गेला.

हीच विद्या रशियात गेली तेव्हा तिला निराळे वळण लागले. वासिली ओश्चेपकोव्ह हा रशियन तरुण १९११ साली कोदोकानात दाखल झाला आणि तेथला काळा पट्टा घेऊन मायदेशी परतला. पुढे सोव्हिएत संघराज्यातल्या निरनिराळ्या जमातींच्या कुस्त्या आणि ज्यूदो यांच्या मिश्रणातून साम्बो हा प्रकार घडत गेला. १९३७ साली, स्टालिनच्या दडपशाहीच्या काळात, ओश्चेपकोव्हला अटक झाली आणि तुरुंगातच त्याचा अंत झाला. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, साम्बोला सरकारी मान्यता मिळाली. विद्या टिकली, विद्या आणणारा गेला. इतिहासात असे अनेकदा घडते.

साम्बोने पायाचे पेच ठेवले आणि गळा आवळणे वर्ज्य केले. म्हणजे ज्यूदोच्या नेमके उलट. त्यामुळे रशियन गडी लहानपणापासून पायाचा पेच घालायला शिकला आणि तो चुकवायलाही शिकला. मात्र खेळाच्या साम्बोतही टाच पिळण्याला परवानगी नाही. सरळ पेच चालतो, पीळ चालत नाही. पेच कोणता राखावा आणि कोणता टाळावा याचा विवेक तेथे दिसतो.

तिसरा प्रवाह इंग्लंड-अमेरिकेतला, कॅच कुस्तीचा. अमेरिकेचा जगज्जेता फ्रँक गॉच हा टो-होल्डसाठी गाजलेला पहिलवान. १९०८ साली शिकागोत त्याने जॉर्ज हॅकेनश्मिट या बलदंड मल्लाला दोन तासांच्या झुंजीनंतर हार कबूल करायला लावली. पुढे इंग्लंडातल्या विगन या कोळशाच्या खाणींच्या गावात बिली रायली यांच्या आखाड्यात ही विद्या जिवंत राहिली. तेथे शिकलेला एक बेल्जियन मल्ल, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेला, पुढे व्यवसायासाठी कार्ल गॉच हे नाव घेऊन जपानला गेला. जपानी लोक त्याला ‘कुस्तीचा देव’ म्हणत. आपल्याला ऐकून बरे वाटेल अशी गोष्ट म्हणजे शिष्यांकडून तो जी मेहनत करून घेई, तीत दंड आणि बैठका यांना मानाचे स्थान होते. आपल्या तालमीतली मेहनत आणि विगनचे पेच अशी ही जोडी टोकियोत जमली. कार्ल गॉचच्या शिष्यपरंपरेतल्या मासाकात्सू फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी १९९३ साली पँक्रेस ही खऱ्या झुंजींची संस्था उभी केली. तेथे पायाच्या पेचांना भर आला.

चौथा प्रवाह ब्राझीलचा, आणि मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो हाच. मित्सुयो माएदा या जपानी मल्लाने ब्राझीलमध्ये विद्या नेली. तिची एक शाखा ग्रेसी घराण्यात वाढली. दुसरी शाखा लुईज फ्रान्सा यांच्याकडून ओस्वाल्दो फाद्दा यांच्याकडे आली. ग्रेसींचे विद्यार्थी रिओ शहरातल्या सुखवस्तू वस्तीतले. फाद्दा शिकवत ते उपनगरातल्या गोरगरिबांना, पुष्कळदा फी न घेता. १९५० च्या दशकात फाद्दांनी ग्रेसींच्या आखाड्याला जाहीर आव्हान दिले आणि त्यांच्या मुलांनी तो सामना जिंकला. तो जिंकताना त्यांनी पायाच्या पेचांचा भरपूर उपयोग केला. आता हरलेल्यांनी काय करावे? तोड शिकावी, असे आपण म्हणू. पण पायाचे पेच म्हणजे उपनगरी लोकांचा धंदा, असे नाक मुरडण्याची रीत तेथे पडली आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली. म्हणजे जपानात हा पेच धोक्याचा म्हणून वर्ज्य झाला, तर ब्राझीलमध्ये हलक्या लोकांचा म्हणून. कारणे दोन, परिणाम एकच. त्या पेचाची तोड कोणी मन लावून शिकले नाही.

असे हे चार प्रवाह आपापल्या वाटेने वाहत होते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ते एकमेकांना भेटले. ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ म्हणजे यूएफसीची ती पहिली रात्र. कोणत्या विद्येचा मल्ल श्रेष्ठ हे ठरवण्यासाठी निरनिराळ्या विद्यांचे आठ गडी जाळीच्या अष्टकोनी रिंगणात उतरले होते. पँक्रेसमध्ये खेळून आलेला केन शॅमरॉक आणि लाथाठोशांत तरबेज असलेला पॅट्रिक स्मिथ यांची गाठ पडली. १ मिनिट ४९ सेकंदांत शॅमरॉकने हील हुक घातला आणि स्मिथने हार मानली. ठोशाने नाक फुटते हे सर्वांना समजते. टाच धरून धडधाकट माणूस कसा हरतो, हे त्या काळच्या सामान्य प्रेक्षकाला उलगडणे कठीणच होते.

पण त्याच रात्री, त्याच शॅमरॉकच्या पुढच्या झुंजीत, बचावाचा पहिला मोठा धडाही मिळाला. उपांत्य फेरीत त्याच्यासमोर रॉइस ग्रेसी होता. शॅमरॉक पुन्हा पायासाठी मागे झुकला. मागे पडणारा माणूस आपण होऊन वरची जागा सोडत असतो. ग्रेसी त्याच्याबरोबरच वर आला, अंगावर राहिला, पाठीमागे गेला आणि त्याने गळा आवळून झुंज संपवली. एका मिनिटाच्या आत सगळे आटोपले. पायाचा पेच घालणाऱ्याने आपली पाठ जमिनीला दिलेली असते, ही त्याची किंमत. ती वसूल करणे हा बचावाचा पाया.

पुढल्या वर्षांत हा धडा सर्वांनी घेतला असे मात्र नाही. १ मे २००० रोजी टोकियोत काझुशी साकुराबा आणि हाच रॉइस ग्रेसी नव्वद मिनिटे झुंजले. पहिल्या फेरीच्या अखेरीस साकुराबाने नी-बार असा काही बसवला, की झुंज तेथेच संपते की काय असे वाटले. ग्रेसी त्यातून निभावला, पण शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल फेकून हार कबूल करण्यात आली. पायाचा पेच आता कोणत्याही श्रेष्ठ घराण्याने दुर्लक्षावा असा राहिलेला नव्हता.

आपल्या कुस्तीगिरांनी मुद्दाम ऐकावी अशी एक गोष्ट २ फेब्रुवारी २००८ ची आहे. ब्रॉक लेस्नर हा अमेरिकेतल्या विद्यापीठीय कुस्तीचा २००० सालचा विजेता. प्रचंड ताकदीचा गडी. यूएफसीत त्याची पहिली झुंज फ्रँक मीर या पेचबाज मल्लाशी झाली. लेस्नरने मीरला खाली पाडले आणि वरून ठोशांचा वर्षाव केला. कुस्तीच्या हिशेबाने तो जिंकतच होता. पण ठोसे मारण्याच्या भरात तो सरळ झाला, त्याचा पाय मीरच्या आवाक्यात राहिला आणि मीरने तो पकडून नी-बार घातला. दीड मिनिटात लेस्नरला हार मानावी लागली. त्याचे बळ कमी पडले नव्हते. ज्या विद्येत तो वाढला, तिच्यात पाय उलटा वाकवायला मनाईच असते. म्हणून त्या क्षणी धोका कोठे आहे, हे त्याच्या अंगाला ठाऊक नव्हते.

याच दोघांची दुसरी गाठ ११ जुलै २००९ रोजी पडली. या वेळी लेस्नर मीरवर उभा राहिला नाही की मोकळा बसला नाही. छातीला छाती भिडवून त्याने मीरला जमिनीशी खिळवले, आपले कंबर-पाय त्याच्या हाती लागू दिले नाहीत आणि जवळूनच आखूड ठोसे मारत दुसऱ्या फेरीत झुंज जिंकली. माणूस तोच, बळ तेच. मधल्या दीड वर्षात आला होता तो अनुभव. बचाव हा अंगच्या जोराचा भाग नाही, शिक्षणाचा भाग आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आता या शिक्षणाचे शास्त्र कसे झाले ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये जॉन डॅनहर नावाचे एक शिक्षक रेंझो ग्रेसी यांच्या आखाड्यात शिकवत. मूळचे न्यूझीलंडचे. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करता करता ते या विद्येकडे वळले. डीन लिस्टर हा पायाच्या पेचांसाठी प्रसिद्ध असलेला मल्ल. माणसाच्या निम्म्या शरीराकडे तुम्ही दुर्लक्ष का करता, अशा अर्थाचा त्याचा प्रश्न डॅनहर यांच्या मनात घर करून राहिला, असे सांगतात. डॅनहर यांनी पुढे मांडणी केली ती थोडक्यात अशी : पेच ही शेवटची पायरी आहे. खरे काम आधीचे. समोरच्याचा पाय आपल्या दोन पायांत असा गुंतवायचा, की त्याचा गुडघा सुटता कामा नये. मग टाच कोठे जाते?

ही मांडणी आक्रमणाची होती, पण इतिहासाचा न्याय असा, की तिच्यातूनच बचावाचीही मांडणी स्पष्ट झाली. आक्रमणाच्या पायऱ्या मोजता आल्या की बचावाच्याही मोजता येतात. आजच्या तालमींत ज्या शिकवतात त्या साधारण पाच आहेत.

पहिली पायरी अंतराची. पायाशी येऊ पाहणाऱ्याला पाय मिळूच द्यायचा नाही. उभे असताना एकच पाय पुढे ताठ ठेवून राहायचे नाही आणि खाली पडलेल्या गड्यावर वाकताना आपला पाय त्याच्या दोन मांड्यांच्या मध्ये विसरायचा नाही. दुसरी पायरी गुडघ्याची. पाय गुंतलाच तर सर्वांत आधी गुडघा त्याच्या मांड्यांच्या पकडीतून बाहेर काढायचा. गुडघा सुटला की पीळ बसायला आधारच राहत नाही. तिसरी पायरी टाचेची आणि हातांची. टाच त्याच्या कोपरात जाऊ द्यायची नाही, आणि गेली तर आपल्या दोन्ही हातांनी त्याचा एक हात धरून पकड फोडायची. दोन हातांपुढे एक हात टिकत नाही, हा साधा हिशेब. चौथी पायरी अंगाच्या भाराची : उठून त्याच्या अंगावर यायचे, आपली कंबर त्याच्याकडे न्यायची, त्याला पाठीवर खिळवायचे. ग्रेसीने १९९३ मध्ये केले ते हेच.

पाचवी पायरी वळण्याची, आणि ती सर्वांत नाजूक. पीळ ज्या दिशेला आहे त्या दिशेला सबंध अंगाने लोळण घेतली तर गुडघ्यावरचा ताण उतरतो. पण हे लवकर करायला हवे. पकड घट्ट बसल्यावर घेतलेली लोळण, किंवा घाबरून उलट दिशेला घेतलेली लोळण, म्हणजे स्वतःच्याच हाताने स्वतःचा गुडघा मोडणे. समोरच्याने घट्ट धरून ठेवले, की आपल्याच अंगाचे वजन पिळाचे काम करते. घाबरलेला माणूस हमखास झटका देतो. म्हणून ही पायरी पुस्तकात वाचून येत नाही. सावकाश, जोडीदाराच्या मदतीने, शेकडो वेळा करून ती अंगवळणी पाडावी लागते.

यावर कोणी विचारील, की एमएमएमध्ये ठोसे चालतात, मग एवढा खटाटोप कशाला? पेच घालणाऱ्याचे दोन्ही हात आपल्या पायावर गुंतलेले असतात, तोंड उघडे असते. मारा ठोसे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. लेस्नरने ठोसेच मारले होते. आधी गुडघा सुरक्षित करायचा आणि मग हात चालवायचा, हा क्रम चुकला की डाव उलटतो. रायन हॉल या पेचबाज मल्लाच्या दोन झुंजींत या क्रमाचे महत्त्व छान दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची गाठ बी. जे. पेन याच्याशी पडली. पेन म्हणजे साधा गडी नव्हे. दोन वजनगटांचा माजी विजेता आणि ब्राझिलियन जुजुत्सूच्या काळ्या पट्ट्याचा माजी जगज्जेता. हॉलने जमिनीवर कोलांटी घेत त्याचा पाय गाठला आणि २ मिनिटे ४६ सेकंदांत हील हुकने झुंज संपवली. जुलै २०२१ मध्ये हाच हॉल इलिया टोपुरियासमोर पुन्हा पुन्हा तशाच कोलांट्या घेत गेला. टोपुरिया मात्र दर वेळी अंतर राखून राहिला. पाय गुंतू दिला नाही, आणि हॉल खाली सापडला त्या क्षणी त्याने पहिल्याच फेरीत ठोशांनी त्याला बेशुद्ध केले. आधी अंतर, मग पाय, मग ठोसा. क्रम सांभाळला तर ठोसा हा बचावाचा राजा, नाही तर तो फसवा मित्र.

या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पाच पायऱ्या चुकल्या तर सहावी एकच उरते : हार मानणे. हाताने दोनदा थोपटायचे की सामना थांबतो, याला टॅप म्हणतात. ही शेवटची तोड दोघांच्या हाती असते. हरणाऱ्याने वेळेवर थोपटायचे आणि जिंकणाऱ्याने तत्क्षणी सोडायचे. रुसिमार पाल्यारेस हा ब्राझीलचा मल्ल हील हुकमध्ये निष्णात. पण समोरच्याने थोपटल्यावरही तो पकड सोडत नसे, अशी तक्रार त्याच्याबद्दल वारंवार झाली. २०१० मध्ये यावरून त्याच्यावर बंदीची कारवाई झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने माइक पिअर्सला ३१ सेकंदांत हरवले, पण थोपटल्यानंतरही पीळ चालूच ठेवला. यूएफसीने त्याला काढून टाकले. एवढे कौशल्य, आणि त्याची ओळख काय राहिली? सोडत नाही तो माणूस, ही.

आणि हरणाऱ्याचे काय? आपल्याकडे पाठ लागेपर्यंत हार न मानणे हा मर्दपणा समजतात, आणि कुस्तीत तो योग्यच आहे. तेथे सोसल्याने फार तर दम जातो. पण जेथे वेदनेच्या आधी इजा होते, तेथे सोसणे हा पराक्रम ठरत नाही. हील हुक पक्का बसला आहे हे ओळखून लगेच थोपटणारा गडी भित्रा नाही. त्याला गुडघ्याचे गणित समजलेले असते, आणि तो पुढल्या आठवड्यात पुन्हा तालमीत येतो. जो थोपटत नाही तो कदाचित वर्षभर येत नाही.

मग बंदी घालणारे चुकले काय? मी तसे म्हणणार नाही. कानोंनी शाळकरी मुलांचे गुडघे वाचवले, हे पुण्य मोठे आहे. लहान मुलांच्या आणि नवशिक्यांच्या स्पर्धांत पिळाचे पेच नसावेत, हे आजही शहाणपणाचेच. चूक झाली असेल तर ती पुढच्या पायरीवर : स्पर्धेतून पेच काढताना शिक्षणातूनही तो काढला गेला. धोका नजरेआड केला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या तालमीत वाढत राहतो आणि एक दिवस डेन्व्हरसारख्या गावी समोर येऊन उभा ठाकतो.

ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अखेर मधला मार्ग काढला. तिच्या नियमांत घोट्याचा सरळ पेच सोळाव्या वर्षापासून चालतो, टो-होल्ड आणि नी-बार वरच्या पट्ट्यांना, आणि २०२१ सालापासून हील हुकही, पण केवळ प्रौढ गटातल्या तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना, आणि तोही झग्याविना होणाऱ्या झुंजींत. ज्या विद्येत एके काळी पायाच्या पेचाला उपनगरी म्हणून हिणवले गेले, तिनेच त्याला पायरीपायरीने दार उघडले. फाद्दांच्या विद्यार्थ्यांना हे पाहून समाधान वाटले असते.

आता आपल्या गावोगावीही एमएमएची तालीम देणारी ठिकाणे निघाली आहेत, आणि मातीतून-मॅटवरून आलेली पोरे तेथे जातात. त्यांची कंबर बळकट असते, पट काढणे त्यांच्या रक्तात असते. त्यांना आणि त्यांच्या वस्तादांना या इतिहासातून एकच मागणे आहे. पायाचा पेच तुम्ही कधी घाला अगर घालू नका, पण तो ओळखायला पहिल्या महिन्यातच शिका. सावकाश शिका, जोडीदाराला जपून शिका, आणि थोपटण्याची लाज बाळगू नका. लेस्नरसारख्या मल्लालाही हा धडा एक झुंज हरून घ्यावा लागला. आपल्या पोरांना तो तालमीतच मिळाला, तर त्यांचा गुडघा शाबूत राहील आणि वस्तादाचे नावही.